मालिकेच्या लेखिकेला इंदूरहून आभार कळवायचे आहेत? मग आमच्या चुका आधी वाचा

आमचं पहिलं पार्सल एकोणीस दिवसांनी परत आलं. खोक्यावर पेनाने 'लेफ्ट' असा शेरा, एक कोपरा चेपलेला आणि तळाला तळहाताएवढा तेलाचा डाग. आत सत्तेचाळीस पत्रांची वही होती आणि तिला खेटून अर्धा किलो लौंग सेव. सेवेचं पाकीट वाटेत फुटलं होतं. रामबागेतल्या काकूंनी बॉलपेनने लिहिलेलं पत्र तेल पिऊन बसलं होतं, अक्षरं निळी-निळी पसरली होती. काकूंनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, पुन्हा लिहिते. पहिल्यांदा जरा घाईच झाली होती."

दुसरं पार्सल पोचलं. उत्तरही आलं. दोन्हींच्या मधल्या चार महिन्यांत जे कळलं ते इथे लिहितेय. तुमच्या घरी, सोसायटीत किंवा भिशीत एखाद्या मालिकेवर जीव टाकणारी माणसं असतील आणि ती लिहिणाऱ्या माणसाला एकदा नीट धन्यवाद म्हणावेत असं वाटत असेल, तर उपयोग होईल. आमच्या मालिकेचं आणि लेखिकाबाईंचं नाव मी सांगणार नाही. हे आपल्यातच राहू द्या, असं त्यांनी उत्तरात लिहिलं होतं.

इंदूरला एवढी काय हौस, असं पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी विचारलंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला ते कधी लागलं नाही. मावशी दादरची सुट्टी संपवून आली की तिथे टीव्हीवर काय-काय पाहिलं ते आठवडाभर सांगायची. आमचं मराठी टीव्ही बघणं ते एवढंच. रोज रात्री जेवताना मराठी मालिका ही सवय लागली ती १९९९ मध्ये केबलवर अल्फा मराठी आल्यावर. घराबाहेर पडलं की हिंदी, शाळेत इंग्रजी. अशा गावात रोजचं अर्धा तास मराठी कानावर पडण्याची किंमत वेगळी असते.

१. आभार कोणाचे, ते आधी नक्की करा

ही पायरी सोपी वाटते म्हणून सगळे इथेच चुकतात. १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' ही मालिका चालू असताना प्रेक्षकांची सुमारे चार लाख पत्रं आली होती. मालिका लिहिली मनोहर श्याम जोशींनी, पण पत्रांपैकी बरीच होती अशोक कुमारांच्या नावाची, कारण भागाच्या शेवटी पडद्यावर येऊन बोलायचे ते. आपलंही तसंच होतं. जे तोंड दिसतं, त्याला आपण धन्यवाद देतो.

मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन नावं बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. काहींत 'कथाविस्तार' असं चौथंही असतं. दिग्दर्शक वेगळा, निर्माता वेगळा, आणि वाहिनीची माणसं त्याहून वेगळी. आमच्या गटात सगळ्यांना आवडायचं ते मालिकेतल्या आजींचं बोलणं. ते काम संवादलेखिकेचं, आणि आम्ही पत्र लिहायला बसलो होतो निर्मात्याला.

करायचं असं: वाहिनीच्या ॲपवर मालिकेचा एक भाग लावा, शीर्षकगीत पुढे ढकलण्याचं बटण दाबू नका, नावं येताना थांबवा आणि फोटो काढा. मग शंभरेक भाग सोडून आणखी एका भागाचा फोटो काढा. लांब चाललेल्या मालिकेत संवादलेखक मध्येच बदलतात. तुम्हाला आवडलेला काळ कोणाच्या हातचा होता, हे दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं.

२. माणसं कमी, हिशेब उघडा

चार माणसं पुरतात: पत्रं गोळा करणारं एक, शुद्धलेखन बघणारं एक (ते किती बघायचं, ते पुढे सांगते), पैसे सांभाळणारं एक आणि पोस्टात रांगेत उभं राहणारं एक. बाकीच्यांनी पत्र लिहावं आणि बैठकीचे पोहे-जलेबी खावेत. समिती, अध्यक्ष, लेटरहेड यात पडलात की सही कोणाची वर यावरच दोन रविवार जातात. आमचे गेले.

वर्गणी माणशी शंभर रुपयांच्या वर नको. पैसे एकाच खात्यावर घ्या आणि प्रत्येक खर्चाच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याचंही पत्र घ्या. आमच्या गटातलं सगळ्यात चांगलं पत्र वर्गणी न दिलेल्या माणसाचं आहे.

३. पत्रं मागवणं: खरी मेहनत इथे आहे

पहिल्या फेरीत मी ग्रुपवर लिहिलं, "आपल्या आवडत्या लेखिकेला दोन ओळी लिहून पाठवा." आलेल्या तीस पत्रांपैकी चोवीस पत्रांत 'आपण सरस्वतीच्या कन्या आहात' किंवा 'आपली लेखणी अशीच बहरत राहो' होतं. वाचून माझीच झोप उडाली. दिवसाला सहा-सहा सीन लिहून काढणाऱ्या बाईंनी हे वाचून करायचं काय? असली वाक्यं मानपत्रात चालतात, कारण मानपत्र ऐकायचं असतं, वाचायचं नसतं.

दुसऱ्या फेरीत मी तीनच प्रश्न विचारले:

- कुठला प्रसंग आठवतो? एकच सांगा.
- तो पाहिला तेव्हा तुम्ही कुठे होता, काय करत होता, शेजारी कोण होतं?
- त्यानंतर घरात काही बोललं गेलं का, काही बदललं का?

आणि खाली एक अट: पत्रात काहीही मागायचं नाही.

फरक बघा. काकूंच्या पहिल्या पत्रात 'संवाद अत्यंत हृदयस्पर्शी' होते. तेल लागल्यावर पुन्हा लिहिलेल्या पत्रात होतं ते असं: काका अतिदक्षता विभागात, काकू बाहेरच्या बाकावर, रात्री साडेनऊला सवयीने मोबाइलवर मालिका लावली. शेजारी दुसऱ्या पेशंटची माणसं झोपलेली, म्हणून आवाज बंद. "आवाज नव्हता तरी आजी काय म्हणाल्या ते मला कळलं," असं काकूंनी लिहिलं. "घरी आल्यावर आवाज लावून पुन्हा पाहिलं. तेच म्हणाल्या होत्या." संवाद लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठी पावती मला तरी सुचत नाही, आणि यात 'हृदयस्पर्शी' हा शब्द कुठेही नाही.

आता मागणीबद्दल. 'मालिका पुन्हा सुरू करा', 'त्या दोघांचं लग्न लावा', 'माझ्या भाच्याला काम मिळेल का', 'आमच्या कार्यक्रमाला या' हे सगळं काढा. आभाराच्या पत्रात एक विनंती आली की ते अर्जाच्या फायलीत जातं. सगळ्यात धोक्याचं म्हणजे कथा सुचवणं. आमच्या एका काकांनी प्रेमाने चार पानी 'पुढचं कथानक' जोडलं होतं. ते मी काढलं, काका आठवडाभर बोलले नाहीत. पण निर्मितीसंस्था आणि लेखक आगंतुक कथा वाचायलाच घाबरतात, कारण उद्या त्यासारखं काही पडद्यावर आलं तर 'माझी कल्पना चोरली' म्हणून दावा लागू शकतो. असं एक पान आत सापडलं की सगळी वहीच न वाचता बाजूला पडण्याची भीती.

शुद्धलेखनाचं सांगते म्हटलं होतं. कमीत कमी हात लावा. आपलं इंदूरचं मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलंय. कोणी 'दही जमवलं' लिहितं, कोणी 'वाट देखत होते', लहान मुलं 'ळ'च्या जागी 'ल' ठोकतात. पहिल्या फेरीत मी लाल पेन घेऊन बसले आणि सगळी पत्रं सदाशिव पेठेतून आल्यासारखी करून टाकली. मग लक्षात आलं की वाचणाऱ्या बाई बोलीवरच जगतात. त्यांना आपलं खरं बोलणं दिलं तर बरं. आता फक्त अर्थ उलटा होत असेल तिथेच दुरुस्ती करते.

सातवीतल्या एका मुलाचं पत्र चार ओळींचं होतं. तो आजीशेजारी बसून मालिका बघतो, म्हणून वर्गात त्याला एकट्याला 'ळ' म्हणता येतो, असं त्याने अभिमानाने लिहिलं होतं. फक्त त्या वाक्यातला 'ळ' त्याने 'ल' लिहिला होता. आम्ही चौघांनी मतदान घेतलं. तो 'ल' तसाच ठेवला.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा हात थरथरतो, त्यांच्याकडे जाऊन बसा आणि ते बोलतील तसं उतरवून घ्या. शेवटी त्यांची सही किंवा अंगठा घ्या. फोनवर रेकॉर्ड करून नंतर उतरवलं तर माणूस सभेत बोलल्यासारखं बोलतो. समोर वही घेऊन बसलं की स्वयंपाकघरातल्यासारखं. असं एक पत्र घ्यायला एक दुपार जाते, हे धरून चाला.

पत्रं गोळा करायला गणपतीचे दिवस चांगले, मंडळात सगळे भेटतात. मंडपात एक खोका ठेवा. पण अनंत चतुर्दशीच्या आधी तो उचला. झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या रात्री सगळं शहर रस्त्यावर असतं, खोका कोणाच्या लक्षात राहत नाही. हेही अनुभवाने सांगतेय.

४. वही की पीडीएफ?

दोन्ही करा. वही हातात धरायला, पीडीएफ हरवल्यास आधाराला.

कागदासाठी खजुरी बाजार गाठा. पत्रं सगळ्यांनी एकाच मापाच्या कागदावर, ए-फोरवर लिहायची आणि डावीकडे दोन बोटं समास सोडायचा. समास विसरलात तर बांधणीत शब्द गिळले जातात. मग वाचणारा वही मोडून उघडतो. स्पायरल स्वस्त पडतं, पण प्रवासात तारेची टोकं वाकतात आणि पानं निसटतात. आम्ही दुसऱ्या वेळी कापडी पाठीची बांधणी करून घेतली. सुटी पानं असतील तर बाइंडरला तसं आधी सांगा, कारण जुजबंदी शिवणीला दुमडलेले ताव लागतात; सुट्या पानांना बाजूने भोकं पाडून शिवावं लागतं, आणि त्यासाठीच तो दोन बोटांचा समास.

पेन बॉलपेन नको. त्याची शाई तेलकट असते. तेल लागलं की पसरते, आमच्यासारखी. जेलपेनला पाण्याची भीती, म्हणून वही प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. पेन्सिलने लिहिणाऱ्या मुलांना लिहू द्या.

टाइप करून घेणार असाल तर इथला एक मोठा सापळा: आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांत अजून हिंदीचा कृतिदेव फाँट चालतो. त्यात केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसेल तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसते. वर 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' यांतला अर्धा र तिथल्या टायपिस्टला माहीत नसतो, तो रफार देऊन मोकळा होतो. युनिकोडमध्येच टाइप करा, नाहीतर मोबाइलवर मराठी कळफलक घ्या आणि घरीच करा. पीडीएफ करून एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

वहीच्या पहिल्या पानावर फक्त तीन गोष्टी: आम्ही कोण, ही वही कशासाठी, आणि उत्तर देण्याची गरज नाही. हे तिसरं वाक्य नक्की लिहा. ते वाचून माणूस निवांत होतो.

५. पत्ता: आमचं घोडं इथेच अडलं

पहिलं पार्सल आम्ही निर्मितीसंस्थेच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवलं होतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की तो मिळतो, अगदी अधिकृत. आम्हाला वाटलं, काम झालं. पण नोंदणीकृत पत्ता म्हणजे माणसं बसतात ती जागा असेलच असं नाही. बरेचदा तो सीएच्या ऑफिसचा किंवा मालकाच्या जुन्या फ्लॅटचा असतो. आमच्या बाबतीत तिथलं ऑफिस केव्हाच हललं होतं. म्हणून 'लेफ्ट'.

दुसऱ्या वेळी आम्ही हे मार्ग या क्रमाने धरले:

पहिला, पुस्तकाचा. मालिका लिहिणारे बरेच जण नाटकं, कथासंग्रह, सदरंही लिहितात. त्यांचं एखादं पुस्तक असेल तर प्रकाशकाचा पत्ता आतल्या पानावर छापलेला असतो. प्रकाशकाला फोन करून एवढंच विचारा: "तुमच्या पत्त्यावर त्यांच्यासाठी पार्सल पाठवलं तर पुढे द्याल का?" हो म्हणाले तर पाकिटावर लेखिकेचं नाव आणि त्याखाली 'द्वारा' लिहून प्रकाशकाचा पत्ता. आमचं काम याच मार्गाने झालं.

दुसरा, निर्मितीसंस्थेचं चालू ऑफिस. फोन करा आणि 'पार्सल घ्यायला कोण असतं' ते विचारा. फोनवर मालिकेचं कौतुक सुरू करू नका. तिकडे रोज शंभर फोन येतात. गुरुवारी तर करूच नका, त्या दिवशी आठवड्याचे टीआरपीचे आकडे येतात आणि ऑफिसचा मूड त्या आकड्यांवर असतो.

तिसरा, समाजमाध्यमांवर थेट निरोप. एकदाच, तीन ओळींत. उत्तर आलं नाही तर तोच निरोप पुन्हा पाठवायचा नाही.

घरचा पत्ता मात्र शोधू नका. कोणाच्या मेव्हण्याला माहीत असेल, कोणी त्यांच्या इमारतीत राहत असेल, तरी नाही. आमच्या ग्रुपवर एकाने उत्साहाने तो टाकला होता. मी तो लगेच काढायला लावला आणि त्या दिवशी थोडी वाईट झाले. आपण प्रेमाने जाणारे असू, पण साडेतीनशे जणांच्या ग्रुपवर पडलेला पत्ता पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. सेटचंही तसंच. ठाण्याच्या घोडबंदर रोडकडे किंवा साताऱ्या-वाईकडे शूटिंग चालतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तिथे बारा-तेरा तासांची शिफ्ट चालू असते आणि लेखक बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो घरी बसून उद्याचा सीन लिहीत असतो.

६. भेटवस्तू: द्यायचीच असेल तर

खायचं काही नको. मला माहीत आहे, इंदूरच्या माणसाला हे पटणार नाही. सेव, जीरावन, सराफ्यातलं काही दिल्याशिवाय आपला हात आखडतो. पण वहीबरोबर एकाच खोक्यात नकोच नको. पाठवायचंच असेल तर वेगळं पार्सल, हवाबंद पाकीट, आणि पाकातलं काहीही नाही. शिवाय ओळखपाळख नसलेल्या माणसाने पाठवलेलं खाणं कोण खाईल? मीही खाणार नाही.

शाल-श्रीफळही पोस्टाने पाठवू नका. नारळ पोस्टात फुटला तर आणखी एक वही जाईल. आम्ही महेश्वरी स्टोल पाठवला, कारण महेश्वर आपल्या शेजारचं, आणि त्याच्या काठावरच्या नर्मदेच्या लाटा पोस्टाने जाऊ शकतात. किंमत वर्गणीत बसेल एवढीच ठेवा. महाग वस्तू घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, आणि मग ती परत कशी करायची हाच प्रश्न त्यांच्यापुढे राहतो.

मालिकेचे फोटो आणि वाहिनीचं बोधचिन्ह छापून टी-शर्ट आणि चहाचे मग काढायची कल्पना कोणीतरी मांडेलच. स्वतःपुरता एक मग वेगळा. विकून वर्गणी जमवायची म्हटलं की तो वाहिनीच्या हक्काचा प्रश्न होतो. आम्ही तो विषय चहाबरोबर संपवला.

७. पोस्टात

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली. त्यामुळे 'रजिस्टर्डच करा' म्हणून खिडकीवर वाद घालू नका. आमच्या आजोबांच्या वयाच्या एका सभासदाने पंधरा मिनिटं घातला. स्पीड पोस्टवर थोडे जास्त पैसे देऊन 'ज्याच्या नावाने आहे त्यालाच द्या' अशी सोय मिळते. आपल्या कामाला ती घेऊ नका. लेखिका प्रकाशकाच्या ऑफिसात बसलेल्या नसतात. ती सोय घेतली तर पोस्टमन त्यांनाच शोधेल, त्या नसतील, आणि पार्सल पुन्हा इंदूरला. साधं स्पीड पोस्ट केलं की ऑफिसातलं कोणीही सही करून घेतं.

खिडकीवर जाण्याआधी:

- खोक्याच्या आत एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते पुन्हा लिहा. बाहेरचा कागद फाटला तर तीच कामी येते.
- पाठवणारा म्हणून एकाच माणसाचं नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि फोन. 'समस्त मराठी रसिक, इंदूर' असं लिहिलं तर परत आलेलं पार्सल घेणार कोण?
- पावतीचा तिथेच फोटो काढा. तो चिकना कागद महिन्या-दोन महिन्यांत पांढरा पडतो. त्यावरचा १३ अक्षरांचा क्रमांक टाकून पार्सल कुठवर गेलं ते रोज बघता येतं. (रोज बघू नका. मी दिवसातून चार वेळा बघायचे.)

पार्सल पोचल्याचं दिसलं की ज्यांच्या पत्त्यावर पाठवलं त्यांना एक फोन करून आभार माना. त्यांनी आपलं काम फुकट केलेलं असतं.

८. वेळ कधीची धरायची

मालिका चालू असताना लिहिणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. मालिका संपल्याच्या आठवड्यात पत्रांचा पूर येतो आणि त्यात आपलंही वाहून जातं. संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी पाठवा. तेव्हा फोन वाजायचे थांबलेले असतात, वाहिनीवर त्या वेळेला दुसरं काहीतरी सुरू झालेलं असतं, आणि आपलं काम कोणाला आठवतंय का, असं माणसाच्या मनात येत असतं.

संख्येच्या मागे लागू नका. दूरदर्शनवरच्या 'सुरभि' कार्यक्रमाच्या प्रश्नस्पर्धेला एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं गेल्याची नोंद आहे, आणि त्या पत्रांच्या लोंढ्यामुळे पोस्टाला स्पर्धेसाठी वेगळं, महाग कार्ड काढावं लागलं. ती गंमत वेगळी होती, बक्षिसाची होती. आपली सत्तेचाळीस पत्रं एका दुपारी वाचून होतात, हेच बरं.

९. समोरासमोर भेट झाली तर

टीव्हीवर लिहिणाऱ्यांची नाटकं इंदूरला येतात. सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेचे प्रयोग देवी अहिल्या विद्यापीठाच्या सभागृहात होतात, तिथे कधी लेखकही येतो. भेटायचं तर आयोजकांना आधी सांगून, प्रयोग संपल्यावर, दोन माणसांनी. सेल्फी शेवटी, विचारून. 'ओळखलंत का?' हा प्रश्न विचारायचा नाही, ओळखलेलं नसतं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य सांगा, तेवढं पुरतं. आणि नाटकाबद्दल आधी बोला, मालिकेबद्दल नंतर. आज त्यांनी मेहनत नाटकावर केलेली असते.

जवळ काय-काय हवं

श्रेयनामावलीचे दोन फोटो. पत्र लिहिणाऱ्यांची नावं आणि 'माझं पत्र पाठवायला हरकत नाही' अशी प्रत्येकाची सही. ही यादी स्वतःकडे ठेवायची, वहीत लावायची नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची सही, आणि वहीत मुलाचं फक्त पहिलं नाव आणि इयत्ता. एका मापाचा कागद, जेलपेन, प्लास्टिकची पिशवी, जाड पुठ्ठ्याचं खोकं, रुंद चिकटपट्टी. सगळ्या पानांचे स्कॅन. खर्चाच्या पावत्या. फोन नंबर कोणाचेही वहीत नकोत, पाठवणाऱ्याचा सोडून. आणि दुसऱ्याचं पत्र त्याला न विचारता फेसबुकवर टाकायचं नाही, कितीही सुंदर असलं तरी. काकूंचं पत्र इथे सांगितलं ते त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या होकारानंतर.

१०. उत्तर आलं तर

येईलच असं धरू नका. आमच्याकडे सव्वा महिन्याने एक साधं पाकीट आलं, आत दोन पानं, हाताने लिहिलेली. बाईंनी एकेका पत्राचा उल्लेख केला नव्हता, तीन-चारच निवडली होती. आवाज बंद करून पाहिलेल्या भागाबद्दल सात ओळी होत्या. शेवटच्या पानाचा खालचा अर्धा भाग रिकामा होता आणि तिथे मुठीएवढा एक 'ळ' काढलेला होता, बाण दाखवून: सुरुवात कुठे, वळण कुठे. खाली सातवीतल्या त्या मुलाचं नाव.

मूळ पत्र कोणाकडे राहायचं हे तुम्ही आधी ठरवून ठेवा, आम्ही ठरवलं नव्हतं. काकू म्हणाल्या सात ओळी माझ्या, मुलगा म्हणाला 'ळ' माझा. शेवटी पहिलं पान काकूंकडे गेलं, दुसरं त्याच्याकडे, आणि ग्रुपला दोन्हींची झेरॉक्स. त्याने त्या 'ळ'वर पेन्सिलने इतक्या वेळा गिरवलंय की आता कागद तिथे फाटायला आलाय.